वाचक विचारतात: डासाच्या डीएनएत उड्या मारतंय तरी कोण?

गेल्या अंकात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की या डासाच्या जीनोमचा, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएचा, जवळपास निम्मा भाग म्हणजे इकडून तिकडे उड्या मारणारे डीएनएचे तुकडे. बस एवढंच. आणि त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी अख्ख्या लेखावर आली नाहीत. म्हटलं चला, यावेळचं सदर त्यालाच देऊन टाकू. सारखे प्रश्न एकत्र केलेत, दोन पत्रं फारच लांबलचक होती त्यांना कात्री लावलीये, राग मानू नका.

प्रश्न: ताई, मी बारावी सायन्सला आहे. जीन म्हणजे गुणसूत्रावरची एक ठराविक जागा असं आम्हाला शिकवलंय. मग जीन उडी मारते म्हणजे नक्की काय करते? पेशीच्या बाहेर जाते का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर: नाही गं, बाहेर कुठे जात नाही, असते तिथेच पेशीत, फक्त गुणसूत्रावरची जागा बदलते. तुला शिकवलंय ते एकेकाळी सगळ्यांनाच शंभर टक्के खरं वाटायचं. मग बार्बरा मॅक्लिंटॉक या अमेरिकन बाईंनी १९४० च्या दशकात मक्याच्या दाण्यांवरचे रंगीत ठिपके वर्षानुवर्षं बघून सांगितलं, की काही तुकडे जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात आणि तिथल्या जीनचं काम बंद पाडतात. १९५० मध्ये त्यांनी ते छापलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि आपापल्या कामाला लागले. त्यांना नोबेल मिळालं १९८३ मध्ये, तेही एकटीला, तेव्हा बाई ८१ वर्षांच्या होत्या.

आता उडीबद्दल. ढोबळ मानाने दोन पद्धती आहेत. एक कट-पेस्टवाली. अशा तुकड्यात ट्रान्सपोझेज नावाचं एन्झाइम बनवायची माहिती असते आणि तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकसारखी पण उलट दिशेने लिहिलेली डीएनएची अक्षरं (ए, टी, जी, सी) असतात, एन्झाइम ती टोकं ओळखतं, तुकडा कापून काढतं आणि दुसरीकडे नेऊन चिकटवतं. इथे तू विचारशील की कट-पेस्टने संख्या कशी वाढेल, इथून गेला तिथे आला, बेरीज तेवढीच. बरोबर आहे, पण पेशी विभागण्याआधी डीएनएची नक्कल चालू असते ना, तेव्हा नक्कल झालेल्या भागातून हा उठला आणि अजून नक्कल व्हायची बाकी असलेल्या भागात जाऊन बसला तर त्याची परत एकदा नक्कल होते. शिवाय तो उठून गेल्यावर जी भेग राहते ती पेशी बुजवते, बुजवताना जुळ्या प्रतीत काय लिहिलंय ते बघते आणि तिथे हा तुकडा असतोच, मग इमानेइतबारे तोच परत लिहून ठेवते. म्हणजे पेशीच्या शिस्तीवरच हे लोक मोठे होतात.

दुसरी पद्धत सरळ कॉपी-पेस्ट. यांना रेट्रोट्रान्सपोझॉन म्हणतात. मूळ तुकडा जागचा हलत नाही, त्याची आरएनए प्रत (डीएनएची कामापुरती नक्कल) निघते, त्या प्रतीवरून उलटा परत डीएनए बनतो आणि तो नव्या जागी घुसतो. हे उलटं काम करणारं एन्झाइम म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, एचआयव्हीच्या धड्यात तू ते नाव वाचलं असशील. यातली एक मोठी जमात नवीन प्रत शेपटीकडून लिहायला घेते आणि डोक्याकडे सरकत जाते, आणि बऱ्याचदा मध्येच काम सोडून देते. हे लक्षात ठेव, शेवटी कामाला येणारे.

आणि एक गंमत राहिलीच. या फुकट्यांवर जगणारे फुकटेही आहेत. स्वतःचं एन्झाइम बनवायची काहीही सोय नसलेले छोटे तुकडे, फक्त टोकं ओळखीची ठेवतात आणि दुसऱ्याच्या एन्झाइमवर फिरतात. एडिस इजिप्तीमध्ये १९९७ मध्ये अशी तीन घराणी सापडली, त्यांची नावं वुकाँग, वुजिन आणि वुनेंग. वुकाँग म्हणजे चिनी कथांमधलं उड्या मारणारं माकड, नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी. फेलाय नावाचं अजून एक घराणं आहे, तेही परावलंबीच, आणि त्याच्या एका शाखेच्या प्रती एडिसच्या जीनोममध्ये ५० हजारांच्या आसपास.

प्रश्न: एवढासा डास, त्याचा डीएनए असून असून किती असणार? आणि सगळ्या डासांमध्ये हे उडणारे तुकडे सारखेच असतात का? (एक निवृत्त काका)

उत्तर: काका, आकारावर जाऊ नका, इथे मोठमोठे फसलेत.

मलेरियावाला अ‍ॅनोफिलिस गॅम्बी घ्या, त्याचा जीनोम २००२ मध्ये वाचला गेला, साधारण २७.८ कोटी अक्षरं. घराघरात रात्री कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स क्विन्क्वेफॅशिएटस, २०१० मध्ये वाचला, ५७.९ कोटी. एडिस इजिप्ती, २००७, तब्बल १३७.६ कोटी. आणि त्याचा भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस, ज्याला एशियन टायगर म्हणतात, २०१५ मध्ये वाचला तर १९६ कोटींच्या पुढे. माणसाचा ३१० कोटींच्या आसपास आहे, म्हणजे तो पट्टेवाला डास आपल्या निम्म्याच्याही पुढे गेलाय.

बरं, मग अ‍ॅनोफिलिसपेक्षा एडिसकडे पाचपट जीन्स आहेत का? अजिबात नाही. प्रोटीन बनवणाऱ्या जीन्स या सगळ्यांत १३ ते १९ हजारांच्या दरम्यान. फरक आहे तो भरताडात, आणि भरताड म्हणजे मुख्यतः हेच आपले उडणारे तुकडे, यापुढे त्यांना उडे म्हणते. अ‍ॅनोफिलिस गॅम्बीमध्ये, डीएनएचा जो भाग मोकळा आणि कामाचा असतो त्यात यांचा वाटा १६ टक्के, क्युलेक्समध्ये २९, एडिस इजिप्तीमध्ये ४७. एडिसच्या जीन्ससुद्धा अ‍ॅनोफिलिसच्या त्याच जीन्सपेक्षा कितीतरी लांब आहेत, कारण जीनच्या आत प्रोटीनच्या कामी न येणारे जे पट्टे असतात, इंट्रॉन म्हणतात त्यांना, त्यांच्यात हे लोक शिरून बसलेत. प्रोटीन तेच, पण ते बनवण्यासाठी पेशीला मैलभर चालावं लागतं.

अ‍ॅनोफिलिस आणि एडिस या दोन घराण्यांची ताटातूट डायनासोरच्या काळातच झालेली आहे, त्यामुळे दोघांनी हे पाहुणे आपापल्या पद्धतीने पोसले किंवा हाकलले. जीनोम म्हणजे एक प्रकारचं बँक खातं समजा, उडी मारून आत येणं ही जमा आणि डीएनए गळून जाणं हा खर्च. गळती तर सतत चालूच असते, नक्कल करताना छोटे छोटे तुकडे सुटतातच. अ‍ॅनोफिलिसकडे खर्च जोरात आहे, एडिसकडे जमाच जमा. शिवाय एखाद्या जातीची संख्या प्रचंड असेल तर थोडासाही त्रास देणारी उडी निवडीत बाद होते, संख्या मध्येच कमी झाली की तीच उडी नशिबाने टिकून जाते.

एकाच जातीतसुद्धा फरक पडतो बरं का. टायगर डासाचे जगभरातले नमुने १९८० च्या दशकात मोजले तेव्हा जीनोमच्या आकारात अडीच पटीपर्यंत तफावत निघाली, एकाच जातीत! आणि दुसरं टोक बघायचं तर डासांचा लांबचा नातेवाईक, अंटार्क्टिकातला बेल्जिका नावाचा बिनपंखी कीटक. २०१४ मध्ये त्याचा जीनोम वाचला, फक्त ९.९ कोटी अक्षरं आणि उडणारे तुकडे एक टक्काही नाहीत. तोही जगतोय मजेत, म्हणजे बर्फात जेवढं मजेत जगता येतं तेवढं.

प्रश्न: तुम्ही गेल्या अंकात "जवळपास निम्मा" लिहिलंत. मी दुसरीकडे ६५ टक्के वाचलं. नक्की खरं काय? चूक झाली असेल तर कबूल करा. (एक चिकित्सक वाचक)

उत्तर: कबूल करायला मी कधीच मागे नसते, पण यावेळी दोन्ही बरोबर आहेत. ४७ टक्के हा २००७ चा आकडा, फक्त उडणाऱ्या तुकड्यांचा. ६५ टक्के हा २०१८ चा, त्यात उडणारे तुकडे अधिक बाकी सगळी पुनरावृत्ती, म्हणजे तीच तीच अक्षरं परत परत येणारे पट्टेही धरलेत.

मधल्या ११ वर्षांत काय झालं ते सांगण्यासारखं आहे. एखाद्या पोराला शिक्षा म्हणून एकच ओळ हजार वेळा लिहायला लावली, मध्ये मध्ये त्याने थोडा खरा धडाही लिहिला, आणि मग ती वही कुणीतरी फाडून बारीक चिठ्ठ्या केल्या. आता जोडा परत. धड्याच्या चिठ्ठ्या लागतील, पण शिक्षेच्या ओळी कुठली कुठे हे कोण सांगणार? २००७ मध्ये एडिसचा जीनोम असाच हजारो तुकड्यांत अडकलेला होता. नंतर एका दमात हजारो अक्षरं वाचणारी यंत्रं आली, त्यामुळे एक चिठ्ठी अख्ख्या उड्याच्या अलीकडून पलीकडे जायला लागली आणि २०१८ मध्ये डासाची तिन्ही गुणसूत्रं टोकापासून टोकापर्यंत जुळली. एकूण लांबी तेव्हा १२८ कोटींच्या आसपास भरली, म्हणजे जुन्या आकड्यापेक्षा कमीच, कारण आधी काही भाग दोनदा मोजला गेला होता.

प्रश्न: अहो ताई, डास चावल्यावर त्याच्या या उड्या मारणाऱ्या जीन्स माझ्या मुलाच्या अंगात जातील का? रात्री झोप लागत नाहीये. (एक आई)

उत्तर: नाही जाणार, झोपा शांत. मच्छरदाणी मात्र लावा, ती डेंग्यू-मलेरियासाठी.

पण प्रश्न वेडा नाहीये हं, म्हणून जरा पुढे लिहिते. एखाद्या जातीत उडा कायमचा घुसायचा तर तो अंडपेशी किंवा शुक्रपेशी बनवणाऱ्या पेशींत पोचला पाहिजे, हातावरच्या कातडीत पोचून काही उपयोग नाही, ती पेशी मेली की तोही गेला. एका माणसाच्या आयुष्यात याची शक्यता नसल्यात जमा. लाखो वर्षं आणि अब्जावधी जीव हिशोबात धरले की मात्र नसल्यात जमा गोष्टीही घडून जातात. २०१० मध्ये असं दिसलं की रक्त पिणारा ऱ्होडनियस नावाचा ढेकणासारखा किडा आणि तो ज्यांचं रक्त पितो ते ओपोसम (पोटाला पिशवी असलेला प्राणी) आणि स्क्विरल मंकी हे माकड, यांच्या जीनोममध्ये काही उडे जवळजवळ तंतोतंत सारखे आहेत. किडा आणि माकड, कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झालेले, त्यांच्या बाकीच्या जीन्स इतक्या जुळत नाहीत आणि हे तुकडे जुळतात. वारशाने आला असता तर इतका सारखा राहिलाच नसता, म्हणजे आडवाच आलाय, एका जातीतून थेट दुसऱ्या जातीत.

डासांचे जीनोम एकमेकांशी ताडून बघितले तेव्हा तिथेही हेच दिसलं, बरेच उडे आईबापांकडून न येता आडव्या वाटेने आलेले, कधी एका डासातून दुसऱ्या डासात, कधी भलत्याच कीटकातून.

आणि हे काही फक्त पुराणकाळात झालं असंही नाही. फळमाशीमध्ये पी एलिमेंट नावाचा उडा आहे. १९५० च्या आधी पकडून लॅबमध्ये वाढवलेल्या माशांमध्ये तो नाही, नंतर रानातून पकडलेल्या जवळपास सगळ्यांमध्ये आहे, म्हणजे काही दशकांत त्याने जगभरच्या माशा व्यापल्या. आला तो दुसऱ्याच जातीच्या माशीतून. आणि २०१५ मध्ये कळलं की तो आता तिसऱ्या जातीत घुसून तिथेही पसरतोय. आपल्या डोळ्यांसमोर चाललेली उत्क्रांती म्हणतात ती ही.

प्रश्न: एवढे घुसखोर असताना डास जिवंत कसा राहतो? सगळ्या जीन्स मोडून जायला हव्यात ना? मी अकरावी-बारावीला शिकवते, मुलं विचारतात आणि मला नीट सांगता येत नाही. (एक शिक्षिका)

उत्तर: मॅडम, या प्रश्नाची मी वाटच बघत होते.

पहिली गोष्ट, ज्यांच्या महत्त्वाच्या जीन्स मोडल्या ते डास आपल्याला दिसतच नाहीत, ते अंड्यातच मेले. आपण बघतो ते उरलेले. दुसरी गोष्ट, आत बसलेले बहुतेक उडे मेलेले आहेत, बदल साठत साठत त्यांची अक्षरं बिघडलीत, फक्त सांगाडे उरलेत. आणि तिसरी म्हणजे डासाकडे पहारा आहे.

पहारेकरी म्हणजे पाय-आरएनए, साधारण २४ ते ३० अक्षरांचे छोटेसे आरएनए. हे पिवी नावाच्या प्रोटीनच्या हातात असतात, जणू हवा असलेल्या गुन्हेगाराचा फोटो खिशात घेऊन फिरणारा हवालदार. उड्याची आरएनए प्रत बाहेर पडली आणि फोटोशी जुळली की तिथल्या तिथे तिचे तुकडे. फोटो येतात कुठून? जीनोममध्ये काही अड्डे आहेत, जिथे जुन्या मेलेल्या उड्यांचे तुकडे ढिगाने पडलेत. नवीन उडा भटकता भटकता चुकून अशा अड्ड्यात पडला की त्याचाही फोटो छापायला सुरुवात होते आणि पुढच्या पिढ्यांमध्ये त्याची धावपळ थंडावते. म्हणजे त्याची उडी मारायची खोडच त्याला पकडून देते.

आता एडिसची खासियत बघा. फळमाशीकडे या कामाची ३ प्रोटीन्स आहेत, एडिस इजिप्तीकडे ८. फळमाशीत हा पहारा मुख्यतः अंडाशय आणि वृषणांत चालतो, एडिसमध्ये शरीरात बाकी ठिकाणीही. आणि २०११ मध्ये एडिसचे पाय-आरएनए मोजले तेव्हा त्यातले जेमतेम १९ टक्के उड्यांच्या विरोधातले निघाले. जीनोमचा निम्मा भाग उड्यांचा आणि पहारेकरी मात्र पाचातला एकच त्यांच्यामागे! मग बाकीचे काय करतात?

त्यातले काही व्हायरसच्या मागे असतात, आणि इथे कथा रंगते.

डेंग्यू, झिका वगैरे फ्लेविव्हायरस आरएनएवाले, त्यांच्या जीवनचक्रात डीएनए कुठेच येत नाही. त्यामुळे ते जीनोममध्ये कोरले जाणं शक्यच नाही असं वाटायचं. पण २००४ मध्ये एडिस डासांच्या जीनोममध्ये फ्लेविव्हायरसचे तुकडे सापडले, चक्क डीएनएमध्ये, पिढ्यानपिढ्या उतरत आलेले. मग हे आत आले कसे? रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज व्हायरसकडे नाही पण पेशीतल्या रेट्रोट्रान्सपोझॉनकडे आहे, आणि ते एन्झाइम काही फार चोखंदळ नसतं, हाताला लागेल त्या आरएनएचा डीएनए करून टाकतं. हे व्हायरसचे तुकडे बघायला गेलं तर बऱ्याचदा रेट्रोट्रान्सपोझॉनांच्या गर्दीत, पाय-आरएनएच्या त्याच अड्ड्यांमध्ये पडलेले दिसतात. म्हणजे चोराच्या हत्याराने व्हायरसचाही फोटो काढला गेला आणि तो पोलिसांच्या भिंतीवर जाऊन लागला.

२०२० मध्ये याचा नीट पुरावा आला. एडिस इजिप्तीमधला असा एक तुकडा क्रिस्पर या डीएनए कापायच्या तंत्राने कापून काढला, तर त्याच्याशी जुळणारा व्हायरस त्या डासांच्या अंडाशयात जास्त वाढायला लागला. पण मुलांना सांगताना एक सावधगिरी बाळगा, हा व्हायरस फक्त कीटकांना होणारा होता, डेंग्यू नव्हे. जीनोममध्ये सापडलेले बहुतेक तुकडे अशाच कीटकांपुरत्या व्हायरसांचे आहेत. "डासाने डेंग्यूची लस घेतलीये" असे मथळे मी वाचलेत, ते तसं नाहीये.

प्रश्न: सरळ एका वाक्यात सांगा, हा सगळा कचरा आहे की उपयोगाचा? (अनेकांचा प्रश्न)

उत्तर: एका वाक्यात: उपयोगासाठी नाही, कधीमधी उपयोगी पडतो.

दुसरं वाक्य घेतेच. निसर्गात प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी असते ही आपली समजूत फार जुनी आणि चिवट आहे, आणि या तुकड्यांसमोर ती लंगडी पडते. उडा तिथे आहे कारण तो स्वतःच्या प्रती काढण्यात पटाईत आहे, डासाचं भलं करायला तो आलेला नाही. पण घरात वर्षानुवर्षं पडलेल्या वस्तूचा कधीतरी कशाला तरी टेकू लागतोच. २०२० मध्येच दिसलं की एडिसमधल्या एका निव्वळ पुनरावृत्तीच्या पट्ट्यातून निघणारे पाय-आरएनए गर्भाच्या वाढीसाठी लागतात, आईने अंड्यात ठेवलेले आरएनए वेळेवर साफ करायचं काम ते करतात, आणि हा पट्टा सुमारे २० कोटी वर्षं टिकून आहे. ते थांबवले तर गर्भाची वाढच अडते. (हा पट्टा उडा नाही, सॅटेलाइट आहे, म्हणजे एकामागोमाग एक तीच तीच अक्षरं, पण कचऱ्याच्या यादीत दोघं शेजारी शेजारीच बसायचे.)

आणि उलट उदाहरणही घ्या. एडिस इजिप्तीमध्ये नर कोण हे निक्स नावाची जीन ठरवते, २०१५ मध्ये ती सापडली. केवढ्या महत्त्वाची जीन! पण तिच्या पोटातला एकच इंट्रॉन जवळपास एक लाख अक्षरांचा आहे, पुनरावृत्तीने ठासून भरलेला. नर डासांचं सगळं भवितव्य त्या अडगळीत ठेवलंय.

प्रश्न: फवारणी करूनही डास मरत नाहीत. याचा आणि उड्या मारणाऱ्या जीन्सचा संबंध आहे का? (आरोग्य खात्यात काम करणारा एक वाचक)

उत्तर: आहे, पण सगळीकडे नाही. कीटकनाशकाला दाद न देण्याची बरीच उदाहरणं साध्या एक-अक्षरी बदलांची असतात. उड्यांचीही काही आहेत आणि ती भारी आहेत.

क्युलेक्सच्या अळ्या मारायला एक जिवाणू वापरतात, लायसिनीबॅसिलस स्फेरिकस, त्याचं विष अळीच्या आतड्यातल्या एका प्रोटीनला जाऊन चिकटतं. २००७ मध्ये क्युलेक्स पिपिएन्सच्या अशा अळ्यांचा अभ्यास झाला ज्या हे विष पचवून मजेत होत्या. त्या प्रोटीनच्या जीनमध्ये एक उडा घुसलेला निघाला. त्यामुळे आरएनएची कापाकापी भलत्याच जागी होते, बनणारं प्रोटीन बदलतं आणि विषाला चिकटायला जागाच उरत नाही. कुलूपच बदललं, किल्ली काय करणार.

दुसरी तऱ्हा म्हणजे जीन न मोडता तिचा आवाज वाढवणं. क्युलेक्समध्ये विष पचवणाऱ्या एका एन्झाइमच्या जीनच्या अलीकडे एक छोटा परावलंबी उडा बसलाय, त्याने ती जीन जास्त जोरात चालते आणि पायरेथ्रॉइड प्रकारची फवारणीची औषधं निकामी ठरतात. २०२२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अ‍ॅनोफिलिस गॅम्बीमध्ये तिहेरी बदल दिसला, विष पचवणारी एक जीन दुप्पट झालेली, शेजारच्या जीनमध्ये एक अक्षर बदललेलं आणि जवळच एक अर्धवट उडा, तिघं एकत्र प्रवास करतात आणि युगांडा-केनियाच्या बाजूला झपाट्याने पसरलेत.

मुद्दा असा की उडा औषध बघून घुसलेला नसतो. तो आंधळेपणाने कुठेही घुसतो, बहुतेक वेळा नुकसानच करतो, पण डासांची संख्या इतकी आहे की एखादा नेमका बसतोच, आणि मग फवारणीच त्याला निवडून वर काढते. त्यामुळे एकच औषध वर्षानुवर्षं मारत राहणं म्हणजे त्या एकाची सोय करणं, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

प्रश्न: मग याच उड्यांवर चांगली जीन बसवून सोडली तर सगळे डास आपोआप निरुपद्रवी होणार नाहीत का? (एक इंजिनिअर)

उत्तर: अगदी हीच आयडिया १९९२ मध्ये छापून आलीये, पी एलिमेंटने माश्या व्यापल्या तशी मलेरिया रोखणारी जीन डासांत पसरवायची. पहिला भाग जमला. १९९८ मध्ये एडिस इजिप्तीत बाहेरची जीन घातली गेली, एकदा घरमाशीतला हर्मीस हा उडा वापरून आणि एकदा फळमाशीतला मरिनर. २००० मध्ये अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सीत मिनोस वापरून, २००१ मध्ये गॅम्बीत पिगीबॅक वापरून, जो मुळात कोबीवरच्या अळीच्या पतंगातला. लॅबमध्ये आजही हे गाडे छान चालतात.

गाडी पोचली पण पुढे हलेना. बाहेरून आणलेला उडा एकदा डासात बसला की बसला, पुढच्या पिढ्यांत तो फारसा उड्याच मारत नाही, आणि एडिसमध्ये पिगीबॅक तर खिळा ठोकल्यासारखा. शिवाय पसरला असता तरी अंगावर ओझं असलेल्या उड्यापेक्षा ओझं टाकून दिलेला उडाच पुढे पळाला असता, फुकट्यांची गोष्ट वर आलीच आहे. म्हणून मग लोक क्रिस्परच्या जीन ड्राइव्हकडे वळले, जो ठरलेल्या एकाच जागी स्वतःची प्रत उतरवतो. २०१५ मध्ये स्टीफेन्सीत तो चालला, २०१८ मध्ये पिंजऱ्यातले गॅम्बी डास त्याने ७ ते ११ पिढ्यांत संपवले. पिंजऱ्यातले, हे परत वाचा.

प्रश्न: मला हे स्वतः बघायचंय. लॅब नाही, कॉम्प्युटर आहे. (एक कॉलेजवाला)

उत्तर: पुरे आहे. डासांचे जीनोम एनसीबीआय या अमेरिकेतल्या सरकारी संग्रहाच्या वेबसाइटवर फुकट आहेत. तिथून जुआन-ए या रेट्रोट्रान्सपोझॉनची अक्षरं घे, याने एकट्याने एडिस इजिप्तीचा जवळपास ३ टक्के जीनोम खाल्लाय, आणि ब्लास्ट या जुळणारी अक्षरं शोधणाऱ्या प्रोग्राममध्ये टाकून एडिसच्या जीनोमवर शोध लाव. निकाल भलामोठा येईल, घाबरू नकोस. प्रत्येक प्रत कुठून कुठपर्यंत जुळते ते कागदावर आडव्या रेघा मारून काढ, वीसेक काढल्यास तरी पुरे. बऱ्याचशा रेघांची शेपटी शाबूत आणि डोकं गायब दिसेल. असं का, ते बारावीच्या मुलीला दिलेल्या उत्तरात आहे, तिथे बघ आणि रेघांचा फोटो काढून मला पाठव.